चोवीस खोल्यांची बदली

"बोलत न्हाई का गं ही? नुसतीच मोजती."

मी तेव्हा गुडघ्यांवर बसून एका खाटेखालून टेप सरकवत होते. वाक्य दारातून आलं होतं. घासलेल्या भांड्यांची पाटी कमरेवर घेतलेली एक बाई माझ्या पायांकडे बघत उभी होती, कारण बाकीची मी खाटेखाली होते.

ज्यांची खोली होती त्या मावशी तव्यावरची चपाती उलटत म्हणाल्या, "बोलती की. सकाळी आली तवा 'नमस्कार' म्हनली. मंग 'चहा नको' म्हनली. दोनदा बोलली."

"आन किती येळ झाला येऊन?"

"आसंल तासभर. आगं, मोजायचं काम हाय तिचं, भांडायचं न्हाई. आमचं मालक गवंडी व्हतं, ते बी कामावर तोंड उघडायचं न्हाईत. घरी आल्यावर मातर ऐकवत न्हवतं."

खाटेखाली मला हसू आलं. तेही मी आवाज न करता हसले. टेपवर तीन मीटर दहा दिसत होतं, ते वहीत लिहिलं आणि बाहेर आले. केसांत जळमट होतं. मावशींनी पिठाच्या हातानं ते काढलं, त्यामुळे दुपारपर्यंत मी एका बाजूनं म्हातारी दिसत होते.

महामार्ग सोडून भोरचा रस्ता जिथं वळतो त्या कापूरहोळच्या फाट्यापासून चालत पाच मिनिटांवर ही इमारत होती. खाली बारा खोल्या, वर बारा. चाळीसेक वर्षांपूर्वी एका ट्रस्टनं ती बांधली होती, ढाब्यांवर, गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपावर राबणाऱ्या लोकांना कमी भाड्यात डोक्यावर छप्पर असावं म्हणून. छप्पर अजून डोक्यावर होतं, पण थोडं थोडं करून खाली येत होतं. स्लॅबमधून गज दिसायचे. चार संडासांपैकी दोनांना दार होतं आणि एकाला पाणी. पाणी होतं त्याला दार नव्हतं. फाटकावर कधीकाळी काहीतरी छान नाव होतं म्हणे, ते पडून गेलं. सगळे तिला नुसतं 'खोल्या' म्हणत. "कुठं राहता?" "खोल्यांवर." एवढं कापूरहोळमध्ये पुरायचं.

आता ट्रस्टनं ती पाडून त्याच जागी नवी बांधायचं ठरवलं होतं. नव्या इमारतीतही भाडं कमीच राहणार होतं आणि जुन्या भाडेकरूंना त्यात खोली मिळणार होती. आराखड्याचं काम आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे आलं. मी तिथं नवीन, सगळ्यात लहान. सर म्हणाले, "तू भोरची ना? मग तूच जा. लोक तुझ्याशी बोलतील." मी लोकांशी बोलेन का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी मान हलवली असती.

माझं शिक्षण भोरमध्येच झालं, पण इंग्रजी माध्यमात. शाळेत मराठी बोललं की ओरडा बसायचा आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसायचे. दोन्हीकडचा त्रास वाचवायला मी गप्प बसायची सवय लावून घेतली. ती मला नोकरी लागेपर्यंत फार उपयोगी पडली.

मोजणं मात्र मला मनापासून आवडायचं. मोजताना कुणी तुमच्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही. उलट तुम्ही नसल्यासारखेच लोक आपापसांत बोलत राहतात. आठवड्याभरात मला कळलं की खोल्यांवर नंबर कुणी वापरतच नाही. प्रत्येक खोलीला तिच्या खोडीवरून नाव होतं. नळाची खोली, जिच्या भिंतीआड सार्वजनिक नळ रात्रंदिवस ठिबकायचा. थोरली गळकी. धाकटी गळकी. भुताची, म्हणजे जिथली ट्यूब आपोआप लागायची. आणि मावशींची ती कडुलिंबाची, कारण दारासमोर कडुलिंब होता आणि त्याच्या काड्या कणकेत पडायच्या.

नंबर होते ते दारांवर रंगवलेले, निळे, ठळक. पण पहिल्याच दिवशी मला दिसलं की जिथं निळा रंग पोपडे धरून उडालाय तिथं खाली काळा, जुना नंबर आहे. निळ्या एकखाली काळा बारा. निळ्या दोनखाली काळा अकरा. मी कुणाला विचारलं नाही. इमारतीच्या मागे गेले. घाणेरीच्या झुडपांत दगडाचे दोन खांब उभे होते. फाटक पूर्वी तिकडं होतं. महामार्ग रुंद झाला तेव्हा ते इकडं आलं असणार, आणि नव्या रंगाऱ्यानं नव्या फाटकापासून मोजायला सुरुवात केली असणार. मी वहीत पेन्सिलनं तक्ता केला: दारावरचा नंबर, खालचा नंबर. मग तो इंग्रजीत टाइप करून अहवालाचं चौथं जोडपत्र म्हणून सरांना पाठवला. माझ्या मते मी सांगून मोकळी झाले होते.

चौथं जोडपत्र कोणी वाचत नाही, हे मला नंतर कळलं.

खोल्यांवरचा सगळा कारभार कंडक्टरकाकांकडे होता. ते एसटीतून रिटायर झाले होते, पण पूर्ण नाही. नळावर बायकांची गर्दी झाली की ते गॅलरीतून ओरडायचे, "चला, पुढं सरका, पुढं मोकळंच हाय!" जिन्यात दोघं समोरासमोर आले की "उतरणाऱ्याला आधी" म्हणायचे. त्यांचं सगळ्यात मोठं काम वर्षातून एकदा असायचं. त्याला सगळे पावसाळी बदली म्हणत.

आमच्याकडे पाऊस कसा पडतो ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. वरच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्या गळायच्या, पण दरवर्षी त्याच नाही. म्हणून ज्येष्ठात काका वर गच्चीवर चढून भेगा बघायचे आणि खाली येऊन बदल्या जाहीर करायचे. ज्या घरात तान्हं बाळ, त्यांना कोरडी खोली. दहावीचं पोर असेल त्यांना रस्त्यावरच्या दिव्याची. गुडघेदुखीवाले खाली. नवं लग्न झालेले कोपऱ्यात. ज्यांना काहीच अडचण नाही त्यांना थोरली गळकी, आणि त्यांनी वर्षभरात काहीतरी अडचण तयार करावी असा रिवाज होता. तीस वर्षं हे चाललं होतं. कुणी तक्रार करत नसे, कारण गळकीतून बाहेर पडायची पाळी पुढच्या वर्षी येणारच असायची.

पोस्टमनलाही हे पाठ होतं. तो पत्त्यावरचा नंबर वाचायचा नाही, फाटकातून नुसतं विचारायचा, "यंदा कुठं हायती हे?"

मावशी पहिल्यापासूनच्या भाडेकरूंपैकी उरलेल्या एकट्याच होत्या. बाकीच्यांची वडलांची, चुलत्यांची नावं नोंदवहीत होती. मावशी गॅरेजवाल्या पोरांना आणि ढाब्यावरच्या वेटरांना डबे द्यायच्या. ढाब्यावर काम करणारी माणसं ढाब्यावरचं खात नाहीत, हेही मला तिथंच समजलं.

"ह्याच खोलीत मी लगीन हून आले," त्या एकदा मला म्हणाल्या. छताला एक लोखंडी आकडा होता तो दाखवला. "ह्यो पाळन्याचा. मालकांनी ठोकला. मंग बदल्या सुरू झाल्या, आठ खोल्या फिरले बघ. भुताचीत पन व्हते. मालक गेले तवा नळाचीत व्हते. आता गुडघ्यापायी कंडक्टरनं परत हितं आनून टाकलं."

मी आकड्याची छतापासूनची लांबी मोजली. गरज नव्हती. त्या क्षणी दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

मग सरांचा ई-मेल आला. येत्या शनिवारी ट्रस्टचे साहेब पडताळणीला येणार. नोंदवहीत ज्या खोलीपुढे ज्याचं नाव, तो त्या खोलीत सापडला तर नव्या इमारतीत त्याची खोली पक्की. न सापडला तर तो अनधिकृत, आणि अनधिकृतांना पावसाआधी जागा सोडावी लागेल. मी नोटीस लावायची होती.

मी ती रात्रभर खपून, हातानं, मराठीत लिहिली. माझं मराठी अक्षर अजून पहिलीतल्या मुलीसारखं आहे. नळापाशी चिकटवली आणि बाजूला उभी राहिले. कंडक्टरकाकांनी ती मोठ्यानं वाचली. "नोंदवहीत ज्या खोलीपुढे आपले नाव असेल त्या खोलीत आपण उपस्थित राहावे." मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. अगदी तसाच, जसा चाळीस वर्षं प्रवाशांपुढे केला असेल.

"यादी."

असा हात पुढे आला की माणूस खिशात हात घालतोच. मी नोंदवहीची झेरॉक्स काढून दिली.

काकांनी ती चाळली. "हे तर लई जुनं तिकीट हाय. हितं एक बी मानूस आपल्या सीटवर न्हाई." थोडा विचार करून म्हणाले, "ठीक हाय. यंदाची बदली शनिवारी सकाळी. सगळ्यांनी कागदावरच्या खोलीत जायचं."

"नुसतं हुबं राहायला?" भांड्यांच्या पाटीवाली बाई म्हणाली.

"नुसतं हुबं राहून कसं जमंल? साहेब इचारनार, बाई, तुमची गादी कुठाय? सामानासकट जायचं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी घसा साफ केला. काकांना वाटलं मला पाणी हवंय. त्यांनी तांब्या दिला, मी प्यायले.

मावशी संध्याकाळी माझ्यामागे फाट्यापर्यंत आल्या, गुडघा दुखत असताना. एसटी यायची होती.

"माझं नाव हाय का त्यात?"

मी मान हलवली. त्यांच्या मालकांचं नाव होतं, खोली तीनपुढे.

"म्हंजी मिळंल ना मला खोली?"

मी पुन्हा मान हलवली.

"आसं न्हाई पोरी. तोंडानं सांग. न्हाई मिळाली तर मला येल्ह्याला भावाकडं जावं लागंल. भावजय वंगाळ न्हाई, पर तिच्या घरात तिचा तवा. मी काय करू दिसभर? माझ्या पोरांना डबं कोन देईल?"

"हो," मी म्हणाले. "मिळेल."

एसटी आली आणि मी पळत सुटल्यासारखी चढले. वहीत मी जुळवून पाहिलंच होतं. नोंदवही फाटक हलण्याआधीची, म्हणून जुन्या, काळ्या नंबरांप्रमाणे बघितलं तर तीस वर्षं फिरून तीन कुटुंबं योगायोगानं आपापल्याच खोलीत परत आली होती. त्यातल्या एक मावशी. निळ्या दहाखाली काळा तीन. त्यांना तर हलायचीच गरज नव्हती. आणि नंबरांचं उलटंसुलटं तर सगळ्यांना माहीत असणारच, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय चौथं जोडपत्र होतंच.

शनिवारी सकाळी फाट्यावर उतरले तेव्हा लांबूनच आवाज येत होता. फाटकातून आत गेले आणि थांबले. चोवीस घरांचं सामान अंगणात, जिन्यात आणि गॅलरीत एकाच वेळी फिरत होतं. जिन्याच्या वळणावर वर जाणारा फ्रीज आणि खाली येणारा फ्रीज समोरासमोर अडकले होते, आणि दोन्ही बाजूंचे लोक "तुमी मागं घ्या" म्हणत होते. एका कपाटाच्या वर कोंबडी बसून चालली होती. कुणाच्या तरी लग्नाचा फोटो कडुलिंबाला टेकवून ठेवला होता आणि नवरा-नवरी या गोंधळाकडे फार गंभीरपणे बघत होते.

कंडक्टरकाका मधोमध यादी घेऊन उभे. "उतरणाऱ्याला आधी! फ्रीज नंबर दोन, मागं घ्या. टिंग टिंग!"

यादीतले पाठ केलेले नंबर पुकारून ते दाराकडे बोट करत होते. दारावरच्या निळ्या नंबराकडे.

मी त्यांच्याजवळ गेले. "काका, नंबर..."

"एक मिनिट म्याडम, वरची गाडी लावतोय."

मी परत गेले. "काका, दारावरचे..."

"म्याडम, तुमी सावलीत बसा, ऊन हाय."

मग मला जे जमतं ते मी केलं. वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं, 'दारावरचे नंबर उलटे आहेत', आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मान देऊन स्वीकारली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्यांचा चष्मा ज्या ट्रंकेत होता ती ट्रंक एकोणिसाव्या खोलीत गेली होती.

एवढ्यात मावशींचा आवाज आला. दोन गॅरेजवाली पोरं त्यांचा पिठाचा डबा उचलून उभी होती.

"आरं, मी कुठं जाऊ? माझी खोली हीच हाय! मी हितंच नवरी म्हनून आले!"

"मावशी," काका म्हणाले, "कागदावर तीन नंबर हाय. तीन नंबर तिकडं, फाटकापाशी. ही धा नंबर."

"मला नंबर नगं सांगू. कडुलिंब बघ. कडुलिंब काय चालत आला का हितं?"

"कडुलिंब कागदावर न्हाई, मावशी."

मावशी माझ्याकडे वळल्या. "तू सांग पोरी. शिकल्याली हायस. कागदावर काय हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फ्रीज धरलेले लोकसुद्धा. इतके डोळे एकदम माझ्यावर शाळेच्या गॅदरिंगनंतर पहिल्यांदाच आले होते, आणि तेव्हाही मी झाड झाले होते.

"तीन," मी म्हणाले.

ते खरं होतं. माझं उभं आयुष्य मी परीक्षेत विचारलं तेवढंच उत्तर लिहीत आले आहे.

मावशींनी तवा स्वतः उचलला. तो त्या कुणाला उचलू देत नसत. आणि लंगडत फाटकाकडच्या खोलीकडे गेल्या. त्यांच्या खोलीत गॅरेजवाल्या मिस्त्रीचं कपाट शिरलं. पाळण्याच्या आकड्याला त्याच्या बायकोनं लगेच कांद्यांची पिशवी अडकवली.

साहेब अकरा वाजता आले. पांढरी गाडी, काखेत नकाशाची गुंडाळी, हातात नोंदवही. काकांनी फाटकापाशी नारळ आणि चहा तयार ठेवला होता. साहेबांनी नकाशा उघडला, इमारतीकडे पाहिलं आणि चहा ओलांडून सरळ पलीकडच्या टोकाला चालू लागले.

"साहेब, सुरुवात हितनं हाय!" काका मागे धावले.

"नकाशात तिथून आहे." साहेब शेवटच्या दाराशी थांबले. "खोली एक. नाव सांगा."

आतल्या माणसानं नाव सांगितलं. साहेबांनी वहीत बोट फिरवलं. "तुम्ही बारामध्ये आहात."

"व्हय साहेब. हीच बारा."

"ही एक आहे."

"दारावर बारा लिवलंय की!"

"दारावर कोणीही काहीही लिहील. नकाशा सरकारी मंजुरीचा आहे." त्यांनी फुली मारली.

दुसऱ्या दाराशी तेच झालं. "तुम्ही अकरा." "व्हय, हीच अकरा." फुली. मी मागून चालत होते आणि मनात गणित करत होते. काही न हलवता सगळे आपापल्या घरी झोपून राहिले असते तर तीन घरं तरी जुळली असती. सकाळपासून राबून त्यांनी एकही जुळणार नाही अशी व्यवस्था केली होती. चोवीसपैकी चोवीस. ठरवून करायला गेलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं.

तिसरं दार कडुलिंबाचं. साहेबांनी मावशींच्या मालकांचं नाव पुकारलं. आतून मिस्त्री म्हणाला, "ते मी न्हाई."

"मग ते कुठे आहेत?"

"ते वारले. त्यांची बायको तिकडं." त्यानं फाटकाकडे बोट दाखवलं.

सात दारं पलीकडे मावशी पिठाच्या डब्यावर बसल्या होत्या, मांडीवर तवा. सगळे तिकडं गेले.

"या बाई कोण? यांची खोली कुठली?"

काकांनी यादी बघितली, दार बघितलं, नकाशा बघितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाला कुठं बसवायचं ते कळत नव्हतं. मावशींनी तोंड उघडलं. मग साहेबांच्या हातातला कागद बघितला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. तव्याशीसुद्धा बोलणारी बाई ती. साहेबांनी पेन उघडलं, फुलीसाठी.

ते मिटलेलं तोंड माझ्या ओळखीचं होतं. मी ते रोज आरशात बघते. फक्त मावशींच्या चेहऱ्यावर ते माझ्यामुळे आलं होतं.

मी वळले आणि कडुलिंबाच्या दाराशी गेले. पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि निळ्या दहावर खरवडायला लागले.

"अहो, हे काय करताय?" साहेब लांबून ओरडले. "ही ट्रस्टची मालमत्ता आहे!"

"पाडायचीच हाय की साहेब," कुणीतरी म्हणालं.

पोपडे पडत गेले. खालून काळा तीन वर आला. जुन्या वळणाचा, शेपटीवाला. मी बाजूला सरकले. मग साहेब जवळ आल्यावर वही उघडून पेन्सिलचा तक्ता साहेबांसमोर धरला, आणि दुसऱ्या हातानं मागच्या दगडी खांबांकडे बोट केलं. साहेबांनी तक्ता वाचला, खांबांकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. काकांनी डोळे बारीक करून त्यांच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न केला. एकाएकी त्यांना खिशातली चिठ्ठी आठवली. ती त्यांनी मिस्त्रीकडून वाचून घेतली.

"आयला," ते म्हणाले. "आख्खी गाडी उलट्या तोंडानं लावली."

साहेब वैतागले होते, पण माणूस वाईट नव्हता. घड्याळ बघून म्हणाले, "मी समोर जेवून येतो. तीन वाजता परत बघेन. तोपर्यंत ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या खोलीत बसवा. जे जुळणार नाही ते कटलं."

"चला!" काकांच्या अंगात परत वारं आलं. "बारा ते एक उलटं, चोवीस ते तेरा उलटं! उचला! फ्रीज आधी!"

अंगणभर एक कण्हणं उठलं. जिन्यात अडकलेले दोन्ही फ्रीज अजून तिथंच होते. मिस्त्रीच्या बायकोनं आकड्यावरून कांदे काढले. मावशी उठायला लागल्या, गुडघ्यावर हात टेकून, तवा काखेत धरून. आणि मला दिसलं की हे लोक हेही करतील. तीन वाजेपर्यंत पुन्हा सगळं हलवतील, साहेबांना दाखवतील, आणि पाऊस आला की बाळवाल्यांना कोरड्यात न्यायला पुन्हा हलवतील. मग कुणीतरी पुन्हा पडताळणीला येईल.

"काका, थांबा!"

आवाज माझा होता. तो माझ्या कल्पनेपेक्षा बराच मोठा निघाला. कपाटावरची कोंबडी उडाली.

"कुणी काही उचलू नका. मावशी, तुम्ही बसा."

पाटीवाली बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "आगं, बोलती की ही!"

साहेब फाटकापाशी थबकले होते. "काय म्हणायचंय तुम्हाला?"

"साहेब, या खोल्या गळतात. म्हणून हे दरवर्षी आपापसांत बदलतात. ज्याला जास्त गरज त्याला कोरडी. कुणी बाहेरचं नाही, यादीतली सगळी घरं इथं आहेत. मी प्रत्येक घरी जाऊन लिहिलंय." मला दम लागला. मी परत श्वास घेतला. "मावशी तीनमध्येच राहत होत्या. सकाळपर्यंत. त्यांना मी बाहेर काढलं."

साहेबांनी नोंदवही उघडली. पेन हातात तसंच होतं. त्यांनी मावशींकडे पाहिलं, मग कडुलिंबाकडे, मग वहीतल्या रकान्याकडे. ते अगदी अडचणीत सापडल्यासारखे म्हणाले, "पण मग मी आता कुठल्या खोलीपुढे लिहू? रकाना खोलीचा आहे."

"आधी नावं लिहा, साहेब," मी म्हणाले. "मावशींपासून सुरुवात करा. खोल्या कुठं पळून जात नाहीत. त्या मी सगळ्या मोजून ठेवल्यात."